मुखवट्याआडची रद्दी

ममी म्हटले की तूतनखामेनचा सोन्याचा मुखवटा डोळ्यांसमोर येतो. पण सोने परवडणारे किती? इतरांसाठी प्राचीन इजिप्तमध्ये निराळी सोय होती. कापडाचे थर सरसाने चिकटवायचे, शरीराबरहुकूम आकार द्यायचा, वर पांढरा लेप चढवून रंगवायचे. या आवरणाला अभ्यासक ‘कार्टोनाज’ म्हणतात.

त्यावरील चित्रे केवळ शोभेची नसत. देवांची कांती सोन्याची मानलेली, म्हणून चेहरा पिवळा रंगवलेला किंवा सोन्याचा वर्ख लावलेला. छातीवर पंख पसरलेली आकाशदेवता नूत. कधी तळपायांखाली हात बांधलेले शत्रू रंगवलेले असत, मृताने त्यांना तुडवत पुढे जावे म्हणून. परतणाऱ्या आत्म्याला आपला देह ओळखता यावा, हेही चेहऱ्याचे काम होते.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, टॉलेमी राजांच्या अमलात, कापडाच्या जागी अनेकदा पपायरसची रद्दी वापरली जाऊ लागली. कचेऱ्यांतील हिशेब, तक्रारअर्ज, पत्रे, जुनी पुस्तके, सारे एकावर एक चिकटवून त्यावर देव रंगवले गेले.

ही रद्दी वाचण्याजोगी आहे हे जगाला ठळकपणे दाखवले ते फ्लिंडर्स पेट्री यांच्या उत्खननाने. 1889-90 मध्ये गुरोब येथे त्यांना मिळालेल्या आवरणांतून ग्रीक सैनिकांची मृत्युपत्रे निघाली, युरिपिडीसच्या हरवलेल्या ‘अँटिओपी’ नाटकाचा भाग निघाला आणि प्लेटोच्या ‘फीडो’ची पानेही निघाली. ‘फीडो’चा विषय आत्म्याचे अमरत्व! डब्लिनच्या महाफी यांनी 1891 मध्ये हे लेख प्रसिद्ध केले. पुढे 2001 मध्ये मिलान येथून प्रकाशित झालेल्या अशाच एका गुंडाळीने पोसिडिप्पस या कवीच्या शंभराहून अधिक लघुकविता परत मिळवून दिल्या. त्यांतल्या बहुतेक तोवर अज्ञात होत्या.

पण ही अक्षरे फुकट मिळाली नाहीत. थर सुटे करायचे तर आवरण भिजवावे लागे. लेप विरघळे, रंग जाई, नूतचे पंख पाण्यात उतरत. एक ग्रंथ हाती येताना दुसरा कायमचा पुसला जात होता. तो दुसरा ग्रंथ अक्षरांत नव्हता, चित्रांत होता, आणि तो एका विशिष्ट माणसासाठी केलेला होता. पोसिडिप्पसची गुंडाळी जुन्या वस्तूंच्या बाजारातून आली. ती ज्याच्या छातीवर होती, त्याचे नाव आज कोणीही सांगू शकत नाही.

आता वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन, आवरण न उलगडता आतली शाई वाचण्याचे प्रयत्न चालू आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अभ्यासकांनी या दिशेने काम केले आहे. ही वाट संथ आहे आणि सगळ्याच थरांतले वाचता येत नाही. तरीही तीच धरावी, असे मला वाटते. कवीची ओळ आणखी काही वर्षे थांबू शकते. मृतासाठी रंगवलेला चेहरा एकदा विरघळला की पुन्हा रंगवता येत नाही.