चाक कोण फिरवतंय?

तुम्ही बटण दाबता आणि पंखा गरगरायला लागतो. त्याच वेळी दूर कुठेतरी एक अवजड चाक त्याच्यासाठी राबत असतं, माहितीये? १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिलं, की तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेतून वीज वाहू लागते. मग काय, चुंबक फिरवत राहायचं! पण फिरवणार कोण?

चंद्रपूरच्या वीजकेंद्रात हे काम वाफ करते. कोळसा जाळून पाणी उकळायचं आणि वाफेच्या जोरावर टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवायचं. जगातली साधारण एक तृतीयांश वीज आजही कोळशावर बनते. पण त्याच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते, म्हणून मला कोळसा नकोसा वाटतो.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज बनते. एवढे युरेनियमचे अणू फोडतात, पण कशासाठी? पाणी उकळायला! तिथेही चाक फिरवते वाफच. धूर मात्र नाही. वापरून झालेलं इंधन तेवढं हजारो वर्षं जपावं लागतं.

साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावर वारा स्वतःच पाती फिरवतो. आणि सौर पॅनेल? त्यात चाकच नाही! सिलिकॉनवर ऊन पडलं की त्यातले इलेक्ट्रॉन सुटून धावू लागतात. ना आवाज, ना धूर. माझं सगळ्यात लाडकं यंत्र हेच. पण दिवे लावायची वेळ होते, तेव्हा नेमका सूर्य मावळतो.

अशा वेळी कोयना धरण धावून येतं. त्याच्या शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातल्या वीजघरात कोसळतं. थंड पडलेलं कोळशाचं केंद्र सुरू व्हायला कित्येक तास लागतात. पाण्याचं चाक काही मिनिटांत वेग घेतं!

अकोले तालुक्यातल्या घाटघरची तर कमालच. तिथे घाटमाथ्यावर एक तलाव आहे आणि खाली कोकणाच्या बाजूला दुसरा. वीज हवी असेल तेव्हा वरचं पाणी खाली सोडतात. वीज उरत असेल तेव्हा तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी पुन्हा वर चढवतात. वर चढवायला लागते त्याहून थोडी कमीच वीज परत मिळते, पण मिळते अगदी गरजेच्या वेळी. हेच पाणी दुपारच्या सौर विजेवर वर चढवलं, तर रात्री तुम्ही चक्क दुपारच्या उन्हात गोष्टीचं पुस्तक वाचाल!