सागरातील गडकरी

इयत्ता चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचा इतिहास शिकविताना जलदुर्गांचा विषय येतो. आपल्या मलकापूर भागातील पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यामुळे सिंधुदुर्ग म्हणजे पाण्यातील एक दगडी तट, एवढीच कल्पना त्यांच्या मनात राहते. त्या तटाच्या आत माणसांची वस्ती होती व आजही काही कुटुंबे तेथे नांदत आहेत, हे सांगितल्याखेरीज तो पाठ पुरा झाला असे म्हणता येणार नाही.

मालवणच्या किनाऱ्यासमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या दुर्गाचा पाया घातला गेला व सुमारे तीन वर्षांत काम पुरे झाले. बेटाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर असून तटाची उंची सुमारे ३० फूट आहे. दरवाजा तटाच्या वळणात अशा रीतीने दडविला आहे की, समुद्रावरून येणाऱ्यास तो सहज दिसू नये. परंतु बेटावरील खरे आश्चर्य तट नव्हे, पाणी होय. चहूंकडे खारा समुद्र असता दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींस गोडे पाणी आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहते, कारण ते वजनाने हलके असते. विज्ञानाच्या तासाला काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी घेऊन त्यावर रंगीत गोडे पाणी हळूच सोडून दाखवावे. या विहिरी नसत्या तर तेथे शिबंदी राहिली नसती.

शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे तीन अधिकारी असत. कोणा एकास फितूर होऊन गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये, हा त्यातील हेतू. राजाराम महाराजांच्या काळात या दुर्गावर शिवराजेश्वराचे मंदिर झाले. चुन्यातील हाताचा व पायाचा ठसा महाराजांचाच, अशी श्रद्धा आहे. मुलांना ती अवश्य सांगावी, मात्र परंपरा म्हणून सांगावी. कागदोपत्री पुरावा व लोकश्रद्धा यांतील भेद चौथीच्या मुलास समजतो, असा आमचा अनुभव आहे.

आता आपल्या भागाशी या बेटाचा संबंध पाहू. अठराव्या शतकात सिंधुदुर्ग करवीर छत्रपतींच्या सत्तेखाली होता. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी तो जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. जिजाबाई राणीसाहेबांशी तह झाल्यावर तो करवीरास परत मिळाला. १८१२ च्या तहाने मात्र मालवणसह तो कायमचा इंग्रजांकडे गेला. राज्य गेले, आरमार गेले, तरी देवस्थानाच्या सेवेच्या निमित्ताने काही घराणी बेटावरच राहिली. पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे प्रवासी होड्यांची ये-जा बंद होते.

आपल्याकडे नेमके उलट घडले. गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेल्याने १८४४ साली सामानगडावर उठाव झाला व तो पन्हाळा, विशाळगडापर्यंत पसरला. तो मोडल्यावर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचे ठाणे मलकापुरास आले. जंगलाने वेढलेला विशाळगड हेही एक प्रकारचे बेटच होते. तेथील कारभार खाली उतरला, तर सागरातील काही वस्ती जागेवर टिकली.

२०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा व सिंधुदुर्ग हे दोन्ही आहेत. विशाळगड त्यांत नाही, याची रुखरुख वाटते.

हा पाठ शिकविण्यापूर्वी मुलांस एक काम द्यावे. ज्या घरांत विशाळगडाहून खाली आल्याची आठवण सांगितली जाते, तेथील वृद्धांस त्यांनी विचारावे : आपले पूर्वज गडावर कोणते काम करीत, पाणी कोठून आणीत, व खाली येताना कोणती वस्तू बरोबर घेऊन आले? उत्तरे वहीत सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत, आणि मगच वर्गात सिंधुदुर्गाचे चित्र लावावे.