शिट्टी ऐकू येत नाही, मग कर्णबधिर खेळाडू फ्लॅग फुटबॉल खेळतात कसे?

अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू घोळका करून, डोकी जवळ आणून काहीतरी ठरवतात, ते तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेल. तो 'हडल'. याची सुरुवात १८९०च्या दशकात वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात झाली, असं मानलं जातं. क्वार्टरबॅक पॉल हबर्डची अडचण साधी होती: समोरचा संघही कर्णबधिर, त्यालाही सांकेतिक भाषा येते. मग डावपेच लपवायचे कसे? घोळका करून!

फ्लॅग फुटबॉल हा त्याच खेळाचा धक्काबुक्की नसलेला प्रकार. कमरेची पट्टी खेचली की डाव थांबतो. शिट्टी ऐकू येत नसल्यामुळे पंच हातांनी खुणा करतात. धावायचं कधी? आरोळीवर नाही, चेंडू हलला की.

हा खेळ २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे. शिक्कामोर्तब २०२३मध्ये मुंबईत झालं, क्रिकेटसोबतच. पण पॅरालिंपिकमध्ये कर्णबधिरांसाठी गटच नाही (अनेकांना हे माहीतच नसतं). त्यांची डेफलिंपिक्स १९२४पासून वेगळी भरते, आणि २०२५च्या टोकियो डेफलिंपिक्समध्ये फ्लॅग फुटबॉल नव्हता. त्यामुळे अमेरिकेतल्या कर्णबधिर खेळाडूंसाठी आपापसात भरवलेल्या हौशी स्पर्धा महत्त्वाच्या ठरतात.