पुण्याच्या पेठांतून कॅमेऱ्यासह

वयाची सदुसष्ट वर्षें ओलांडल्यावर माणसानें नवी विद्या हातीं धरावी कीं नाहीं, हा प्रश्न गेले दोन महिने आमच्या घरांत वादाचा झाला आहे. धाकट्या सूनबाईंचें मत अनुकूल, सौभाग्यवतींचें प्रतिकूल. आणि नातवंडांचें म्हणणें असें कीं, आजोबांनीं वाटेल तें करावें, मात्र कॅमेरा पाडूं नये. कॅमेरा आमच्या पुतण्याचा. त्यानें तीन रविवार आम्हांस बरोबर घेऊन फिरविलें आणि चवथ्या रविवारीं सांगितलें, "काका, आतां तुम्ही एकटे जा. मी शेजारीं असलों कीं तुम्ही चित्राकडे न पाहतां माझ्या तोंडाकडे पाहतां." चाळीस वर्षें आम्ही मुलांना हेंच सांगत आलों होतों, तें आपल्याला ऐकून घेण्याचा प्रसंग येईल असें मात्र वाटलें नव्हतें.

ह्या विद्येचा पाया तीन गोष्टींवर आहे: अॅपर्चर, शटर आणि आयएसओ. अॅपर्चर म्हणजे भिंगांतील छिद्र. तें मोठें केलें कीं उजेड अधिक येतो, परंतु पुढच्यामागच्या वस्तु अस्पष्ट होतात. शटर अधिक वेळ उघडें ठेवलें तरी उजेड अधिकच येतो, परंतु हलणारी वस्तु पुसट उठते. आयएसओ म्हणजे संवेदनशीलता; ती वाढविली तर अंधारांतहि चित्र निघतें, पण त्यावर रव्यासारखे कण दिसूं लागतात. एकाचें वाढविलें तर दुसऱ्याचें कमी करावें लागतें. एकत्र कुटुंबांतल्यासारखाच हा व्यवहार आहे. जुन्या जाणत्यांचा एक आडाखा पुतण्यानें पाठ करून घेतला: स्वच्छ उन्हांत छिद्राचा आंकडा १६ ठेवावा आणि आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागापुरतें उघडावें. सूत्र पाठ असलें म्हणजे यंत्र चुकलें तरी माणूस चुकत नाहीं.

परंतु एवढा खटाटोप आम्हीं कां आरंभिला, तें सांगितलें पाहिजे. आमचे वडीलबंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, चौऱ्यायशीं वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वीं पडून त्यांचें खुब्याचें हाड मोडलें, तेव्हांपासून खोली आणि गॅलरी एवढेंच त्यांचें जग. आमचें मूळ घर कसब्यांत. तो वाडा विकून आम्ही सर्व कोथरुडास आलों. विकण्याचा आग्रह आमचा होता. दादांनीं सही केली, पण तोंडानें होकार दिला नाहीं. त्या दिवसापासून त्यांनीं कसब्यांत पाऊल टाकलें नाहीं, आणि आम्हींहि त्या बोळांत शिरणें टाळीत आलों. गेल्या श्रावणांत मात्र ते एकाएकीं म्हणाले, "आपल्या वाड्याच्या जागीं आतां काय आहे, तें एकदा दाखव." कॅमेरा शिकण्याचें खरें कारण हें.

डिसेंबरांतल्या एका सकाळीं आम्ही वनाजहून मेट्रोनें निघालों आणि जिल्हा न्यायालय स्थानकांत गाडी बदलून मंडईस उतरलों. २०२४ सालीं हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून, ज्या मंडईस आम्ही पिशवी घेऊन चालत जात असूं, तिच्या पोटांतून वर येण्याचा योग येतो. मंडईची दगडी इमारत १८८६ सालीं 'रे मार्केट' ह्या नांवानें उघडली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचें तें नांव. आज ती महात्मा फुले मंडई आहे. वर उंच मनोरा, खालीं भाजीचे गाळे. आम्हीं उत्साहाच्या भरांत पहिल्या पंधरा मिनिटांत चाळीस चित्रें काढलीं. मागाहून पाहतों तों प्रत्येकांत सगळें आहे आणि म्हणून कशांतच कांहीं नाहीं: मनोरा, तारा, रिक्षा, कोथिंबीर आणि कोणाचा तरी खांदा. निबंधांत सर्व मुद्दे घुसडणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही किती गुण देत होतों, तें आठवलें.

तेथून तुळशीबागेच्या गर्दींतून विश्रामबागवाड्यापुढें आलों. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. त्याच्या सुरूच्या आकाराच्या लांकडी खांबांवर सकाळचा उजेड तिरपा पडला म्हणजे कोरीव काम उठून दिसतें. तेंच माध्यान्हीं पाहिलें तर सपाट वाटतें. १८२१ सालीं इंग्रजांनीं संस्कृत पाठशाळा उघडली ती ह्याच वाड्यांत. संस्कृतावर ज्याचा चरितार्थ चालला, त्यानें येथें दोन घटका थांबणें योग्यच. येथें आम्हीं तीनच चित्रें काढलीं, आणि तीं मंडईच्या चाळिसांहून बरीं आलीं.

शनिवारवाड्यापुढें मात्र यंत्रानें आमची फजिती केली. १० जानेवारी १७३० रोजीं, शनिवारीं, ह्या वाड्याचा पाया घातला गेला; १८२८ च्या आगींत आंतील इमारती जळाल्या, तट आणि दरवाजे राहिले. त्यांतला दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दरवाज्यावर दिवसभर सावली आणि त्याच्या डोक्यावर लखलखीत आकाश. आमच्या चित्रांत दरवाजा कोळशासारखा काळा आला. कारण असें कीं, कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. आकाश फार उजळ असलें म्हणजे त्याला वाटतें कीं उजेड पुष्कळ आहे, आणि तो सारेंच चित्र अंधारें करतो. अशा वेळीं प्रकाशाचा कांटा आपण हातानें एक अंश वाढवावा. तसें करतांच दारावरचे अणकुचीदार खिळे दिसूं लागले. आकाश पांढरें फटक झालें खरें. पण आम्हांस दरवाजा हवा होता, आकाश नव्हे. काय सोडावयाचें हें ठरविल्यावांचून चित्र होत नाहीं.

लाल महाल आणि कसबा गणपति ह्यांना वंदन करून आम्ही तांबट आळींत गेलों. हातोड्यांचा नाद लहानपणीं ऐकला तोच. एका अंधाऱ्या दुकानांत एक वृद्ध कारागीर हंड्यावर मठारकाम करीत होते. परवानगी मागितली. ते हातोडा न थांबवितां म्हणाले, "काढा, गुरुजी. फोटो नेणारे पुष्कळ येतात. आणून देणारा अजून कोणी आला नाहीं." आम्ही ओशाळलों. आयएसओ वाढवून एक चित्र शटर अधिक वेळ उघडें ठेवून काढलें, त्यांत हातोडा धुरासारखा पुसट आला. दुसरें सेकंदाच्या पांचशेव्या भागांत काढलें, त्यांत तो हवेंतच थबकला. दोन्हीं खरींच. निघतांना आम्हीं प्रत आणून देण्याचें वचन दिलें; त्यांनीं त्यावर विश्वास ठेवला असें त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलें नाहीं.

आतां टाळण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. आमच्या बोळाच्या तोंडाशीं मनाचा हिय्या करून उभे राहिलों. वाड्याच्या जागीं पांच मजली इमारत, खालीं दुचाक्यांची रांग. चौक नाहीं, आड नाहीं, दिंडी नाहीं. फक्त इमारतीच्या कोपऱ्याशीं उंबऱ्याचा जुना दगड जमिनींत बसविलेला दिसला, आणि त्यामागें नवी भिंत. आम्हीं सात चित्रें घेतलीं. हात कांपत होता. तें थंडीमुळें, असें आम्हीं स्वतःस सांगितलें.

संध्याकाळीं पुतण्यानें चित्रें मोठ्या पडद्यावर लाविलीं. सारें घर जमलें. मंडईचीं चित्रें पाहून नातवंडें हंसलीं, विश्रामबागवाड्यास सूनबाईंची शाबासकी मिळाली. मग कसबा. दादा पुढें वाकले. इमारतीबद्दल एक अक्षर बोलले नाहींत. उंबऱ्याच्या दगडाचें चित्र आलें. सूर्य पाठीशीं घेऊन काढल्यामुळें दगडावर आणि भिंतीवर आमचीच सावली पडली होती. नवशिक्याचा ठरलेला दोष. "हें बिघडलें," असें म्हणून आम्ही पुढें सरकविण्यास सांगूं लागलों.

"राहूं दे," दादा म्हणाले. मग बराच वेळ पाहून विचारलें, "ही सावली तुझीच ना?"

"होय, दादा."

"म्हणजे तूं उंबऱ्यापर्यंत गेलास." थोडें थांबून ते म्हणाले, "आड बुजविला असेल. बुजवावाच लागतो. लहान मुलें असतात." वाडा विकल्यापासून त्या विषयावर आम्हां दोघांत झालेलें हें पहिलें बोलणें. आमच्या तोंडून शब्द फुटेना. सौभाग्यवतींनीं चहा आणला म्हणून निभावलें. तें चित्र आतां दादांच्या खाटेशेजारीं आहे. सातांपैकीं त्यांनीं तेंच निवडलें.

ह्या कलेच्या मूळ यूरोपीय नांवाचा अर्थ 'प्रकाशानें लिहिणें' असा होतो. आपण मात्र 'छायाचित्र' म्हटलें. १८३९ सालीं पॅरिसमध्यें दागेरची कृति जाहीर झाली आणि पंधराच वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली; तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधु नारायण दाजी होते. आपला शब्द अपुरा आहे असें आम्हांस पूर्वीं वाटे. आतां तसें वाटत नाहीं.

असो. आमच्या वयाच्या वाचकांपैकीं कोणास ही हौस करावयाची असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. सकाळीं लौकर निघावें. एकटें जावें, कारण सोबत असली कीं पाय सोबत्याच्या गतीनें चालतात. एका ठिकाणीं चाळीस चित्रें काढण्यापेक्षां चाळीस श्वास थांबून एक काढावें. माणसाचें चित्र त्याला विचारून घ्यावें, आणि घेतलें तर त्याची प्रत त्याला पोहोंचवावी. तें ऋण आहे.

तांबट आळीचें ऋण आम्हीं पुढच्याच रविवारीं फेडलें. वृद्ध कारागिरांनीं चित्र हातांत धरून उजेडाकडे नेलें, निरखून पाहिलें आणि मुलास हांक मारून म्हणाले, "हातोडा बघ, कसा धरला आहे तो." मग तें पाठीमागच्या खिळ्यास अडकवून ते पुन्हां हंड्याकडे वळले.