राहून गेलेली छायाचित्रे

दूधसागरच्या धबधब्यासमोरून घाट चढणाऱ्या, वाफेच्या एंजिनाच्या गाडीचे छायाचित्र मागितले, की गोव्या-बेळगावकडील जुने हौशी छायाचित्रकार बहुधा हळहळतात. धबधबा त्यांनी टिपलेला असतो, सहलीची मंडळी टिपलेली असतात. गाडी तेवढी राहून गेलेली असते.

यात केवळ आळसाचा दोष नव्हता. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक हा कॅमेरा त्या काळी मध्यमवर्गीय घरांत दिसे. त्याच्या एका रोलवर बारा चित्रे निघत, आणि ती बारसे, मुंज, लग्न यांसाठी राखलेली असत. शिवाय त्याचे झाकण सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या सुमारास एकाच ठराविक वेगाने उघडे. तेवढ्या अवधीत ताशी छत्तीस किलोमीटर वेगाची गाडी फूटभराहून अधिक पुढे सरकते. बाजूने जाणारे एंजिन त्यामुळे पुसट येई. ते उभे असताना किंवा दूरवरून समोर येत असताना टिपावे लागे.

दूधसागरपाशी तर अडचणींत भर पडे. पाणी भरघोस असते ते पावसाळ्यात, नेमका उजेड मंद असतो तेव्हा. आणि कृष्णधवल फिल्मवर पांढऱ्या प्रपातापुढे पांढरी वाफ हरवून जाते. कुळेहून कॅसल रॉककडे चढताना चाळीस फुटांस सुमारे एक फूट असा चढ लागे. पुढे ओढणारे आणि मागून रेटणारे अशी एंजिने लावलेली गाडी संथपणे जाई, ही त्यातल्या त्यात सोय. परंतु रेल्वेचे पूल व बोगदे यांची छायाचित्रे परवानगीवाचून घेण्यास मनाई असे. पाटी वाचून पुष्कळांनी कॅमेरा मुकाट्याने पेटीत ठेवला.

तथापि खरे कारण याहून साधे होते. रोज दिसणारी वस्तू जपून ठेवावी असे कोणाच्याही मनात येत नाही. चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेची एंजिने बांधणे १९७२ मध्ये थांबविले. भारतातील मोठ्या रुळांवरील नियमित वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरात शेवटची धावली. मधल्या तेवीस वर्षांत छायाचित्रे घेण्यास सवड होती. दूधसागरवरील मीटरगेज रूळही १९९० नंतरच्या दशकात उखडले जाऊन तेथे रुंद रूळ आले.

शिवाय ज्यांनी चित्रे घेतली, त्यांनीही एंजिनाचा मुखडाच घेतला. कोळसा ओतणारा आगवाला, सांधेवाला, एंजिनात पाणी भरणारा सोंडेसारखा नळ आणि त्याखाली घागर लावणाऱ्या बाया यांच्या वाट्याला फिल्म क्वचितच आली. ही उणीव एंजिनाच्या उणिवेपेक्षा मोठी मानली पाहिजे. एंजिने निदान दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात तरी उभी आहेत.

फिल्मची ददात मिटल्याने सारे साधते असेही नाही. ग्वाल्हेरहून श्योपूर कलानला जाणारी, दोन फुटी रुळांवरची सुमारे दोनशे किलोमीटरची गाडी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीबरोबर थांबली, आणि पुढे तो मार्ग रुंद करण्याचे काम निघाले. तोवर खिशाखिशांत कॅमेरा आला होता. तरीही टपावर बसलेले उतारूच बहुतेकांच्या नजरेत भरले. आपली शेवटची फेरी चालली आहे, हे त्या दिवशी गाडीत बसलेल्यांना कोठे ठाऊक होते!

आता शोध घ्यावा लागतो तो भलत्याच ठिकाणी. सासरी निघालेली मुलगी, नोकरीसाठी मुंबईस जाणारा भाऊ यांना फलाटावर उभे करून घेतलेल्या चित्रांत, माणसांच्या खांद्यामागे, कधी डब्याची पाटी, कधी एंजिनाचा कोळशाचा डबा नकळत आलेला असतो. कागदावर प्रत काढताना कडा कापली गेली असली, तरी मूळ फिल्मवर ती शाबूत असते. अशा फिल्मा ट्रंकेच्या तळाशी पडून आहेत. दमट हवेत त्यांना शिरक्यासारखा आंबूस वास येऊ लागतो, तेव्हा त्या कुजू लागलेल्या असतात.