विश्लेषण : चित्रपटगीतांचा ‘सुवर्णकाळ’ नेमका कोणता?

हिंदी चित्रपटसंगीताचा सर्वोत्तम काळ कोणता, हा प्रश्न एकाच घरातल्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांना विचारला तर उत्तरेही तितकीच येतात. कोणी नौशाद, मदन मोहन, शंकर-जयकिशन यांची नावे घेतो, कोणाला आर. डी. बर्मन यांच्यापुढे कोणी दिसत नाही, तर नव्वदीत शाळेत असलेल्यांसाठी संगीत ‘रोजा’पासून सुरू होते. तरीही साधारण १९४९ ते १९६९ या दोन दशकांना ‘सुवर्णकाळ’ म्हणण्याची प्रथा इतकी रूढ आहे, की तिचा पुरावा फारसा कोणी मागत नाही. तो मागितला तर काय हाती लागते?

आवड ठरते कधी?

पहिली अडचण ऐकणाऱ्याचीच आहे. अमेरिकेतील मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अभ्यासकांनी १९८९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरनिराळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवून त्यांना गुण द्यायला सांगितले. ऐकणारा साधारण २४ वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती, त्यांना सर्वाधिक पसंती मिळाली. त्याआधीची आणि नंतरची गाणी मागे पडली. नंतरच्या काही पाहण्यांत हे वय आणखी खाली, थेट शाळकरी वयापर्यंत आले. नेमका आकडा कोणताही धरला, तरी तरुणपणी कानावर पडलेले आयुष्यभर पुरते, यावर अभ्यासकांचे साधारण एकमत आहे. पहिली नोकरी, पहिले प्रेम, वसतिगृहातला रेडिओ यांच्यासह गाणे मनात बसते. तेव्हा ‘आमच्या वेळची गाणी’ या शब्दप्रयोगात ‘आमच्या वेळची’ हा भाग ‘गाणी’पेक्षा वजनदार असतो.

मात्र वयाचा मुद्दा सगळे स्पष्ट करत नाही. १९९० नंतर जन्मलेली अनेक मुले रिअ‍ॅलिटी शोमध्ये १९५० च्या दशकातली गाणी निवडतात. ती त्यांच्या तरुणपणाची नव्हेत. म्हणजे त्या काळात काहीतरी वेगळे होते, हा दावा निव्वळ स्मरणरंजन म्हणून उडवून लावता येत नाही.

मुंबईत तेव्हा काय जमून आले?

चित्रपटसंगीताची ताकद तोवर कोलकाता, लाहोर, पुणे, कोल्हापूर, मुंबई अशी विखुरलेली होती. पार्श्वगायनाची सुरुवात १९३५ साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांच्या संगीताखाली झाली. फाळणीने लाहोरचा उद्योग मोडला, न्यू थिएटर्सलाही उतरती कळा लागली. लाहोरकडून ओ. पी. नय्यर, बंगालकडून एस. डी. बर्मन, हेमंतकुमार, सलील चौधरी असे लोक मुंबईत आले किंवा इथेच स्थिरावले. सी. रामचंद्र आणि वसंत देसाई आधीपासून होतेच. साहिर, मजरूह, शैलेंद्र, शकील यांच्यासारखे कवी चाली जुळवून लिहायला तयार होते. प्रत्येकाचा घरचा संगीताचा ऐवज वेगळा, आणि रेकॉर्डिंग मात्र त्याच दोन-चार स्टुडिओंत.

यात गोव्याचा वाटा सहसा विसरला जातो. पोर्तुगीज अमलाखालच्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत असत. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी कडक झाली, हॉटेलांतला नाच-गाण्याचा धंदा बसला आणि यातले बरेच जण पूर्णवेळ चित्रपटांच्या स्टुडिओत आले. चाल संगीतकाराची असे. पण पन्नास व्हायोलिनांनी काय वाजवायचे, अंतऱ्याच्या मागे चेलो कुठे उचलायचा, हे कागदावर उतरवण्याचे काम सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट अशा संयोजकांकडे होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला जो भव्यपणा आज ‘त्या काळाचा आवाज’ म्हणून ओळखला जातो, त्यामागे डिसूझांचे लेखन आहे. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. पुढे ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, पण हा कोणी खरा माणूस आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हते.

तंत्राचीही शिस्त होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. त्यात मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वादन बसवायचे. गायक आणि वादक एकत्र उभे राहून गाणे ध्वनिमुद्रित करत. कोणाची चूक झाली तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. गाण्याआधी तालमी झाल्याशिवाय हे जमणे शक्य नव्हते.

एकच दार, आणि तेही परदेशी

तिसरे कारण रेडिओचे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्याच्या या शास्त्रीय संगीतप्रेमी मंत्र्याला चित्रपटगीते उथळ वाटत. आकाशवाणीवर त्यांना कात्री लागली, निर्मात्यांशी बिनसले आणि ही गाणी जवळपास गायबच झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आकाशवाणीने चूक सुधारण्यासाठी ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू केली, तोवर बुधवारची संध्याकाळ सिलोनची होऊन गेली होती. संगीताचा दर्जा वाढवायला निघालेल्या मंत्र्याने चित्रपटगीतांना देशव्यापी सामाईक श्रोतृवर्ग मिळवून दिला, हा त्या धोरणातला गमतीचा भाग. एका वेळी, एकाच आवाजात, सगळ्यांनी तीच गाणी ऐकणे ही गोष्ट पुढे कधी इतक्या प्रमाणात घडली नाही.

मग वाईट गाणी कुठे गेली?

सुवर्णकाळाच्या बाजूने निकाल देण्याआधी गाळणी तपासायला हवी. १९५७ मध्ये ‘प्यासा’, ‘नया दौर’, ‘मदर इंडिया’ असे चित्रपट आले. त्या वर्षीच्या गीतमालेत मात्र पहिला क्रमांक मिळाला तो ‘जनम जनम के फेरे’ या चित्रपटातील गाण्याला, संगीतकार एस. एन. त्रिपाठी. ते गाणे अजून ऐकू येते, चित्रपट मात्र अभ्यासकांपुरता उरला. १९५७ च्या श्रोत्याला जे सर्वोत्तम वाटले आणि आज आपण त्या वर्षाचे म्हणून जे सांगतो, त्यात असे अंतर आहे. त्या काळातही दरवर्षी शेकडो साधारण गाणी तयार होत होती. ती काळाने गाळली. आजच्या गाण्यांवर ही गाळणी अजून फिरलेली नाही, त्यामुळे त्या काळचा निवडक ऐवज आणि आजचा सगळा ढीग, अशी तुलना होते. ती न्याय्य नाही.

सर्वांत बदनाम असलेल्या १९८० च्या दशकाचेच पाहा. ‘हिंमतवाला’च्या (१९८३) धाटणीच्या गाण्यांवरून त्या दशकाला नाक मुरडले जाते. पण ‘उमराव जान’ (१९८१), ‘बाजार’ (१९८२), ‘इजाजत’ (१९८७) हेही त्याच दशकातले.

शिवाय त्याच काळात स्वस्त कॅसेट आली आणि एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली. टी-सीरिजचा उदय झाला, तसा छोट्या कंपन्यांचाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर लोकसंगीतासाठी हा मोठा बदल होता. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, कोळीगीते, आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे हे सारे कॅसेटमधून रिक्षात, चहाच्या टपरीवर आणि जयंतीच्या मंडपात पोहोचले. ज्या वस्त्यांचा आवाज रेडिओने फारसा घेतला नाही, त्यांना १९५० चे दशक सर्वोत्तम का वाटावे?

संगणकाने याचे उत्तर मिळते का, हेही पाहून झाले आहे. माथियास माउख आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील १९६० ते २०१० या काळातील सुमारे १७ हजार लोकप्रिय ध्वनिमुद्रणे तपासली. १९६४, १९८३ आणि १९९१ या तीन वर्षांच्या आसपास संगीत झपाट्याने बदलले आणि त्यातही मोठा बदल १९९१ चा, रॅप-हिपहॉपचा होता, असे त्यांना आढळले. गाणी सतत एकसुरी होत चालली आहेत, या लाडक्या समजुतीला त्यांना आधार मिळाला नाही. अर्थात बदल मोजता येतो; श्रेष्ठता नाही.

सुवर्ण कोणासाठी?

या चर्चेला पैशांची बाजूही आहे. त्या काळातील वादकांची नावे श्रेयनामावलीत नसत. गायकांना स्वामित्वधन मिळावे या मागणीवरून लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात मतभेद झाले आणि साठच्या दशकात काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला वाटा कायद्याने पक्का व्हायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. दरम्यान, सुवर्णकाळ ही विक्रीयोग्य वस्तू झाली. ‘सारेगामा’ने २०१७ मध्ये जुन्या रेडिओसारखा दिसणारा, ५ हजार गाणी भरलेला ‘कारवां’ बाजारात आणला आणि तो तडाख्याने खपला. अमेरिकेत तर ऐकल्या जाणाऱ्या संगीतात दीड वर्षापेक्षा जुन्या गाण्यांचा वाटा ७० टक्क्यांच्या वर गेला आहे. कंपन्यांचा पैसा जिथे फिरतो, तीच गाणी स्वच्छ करून पुन्हा ऐकवली जातात. एखाद्या काळाला ‘सर्वोत्तम’ ठरवणे म्हणूनच केवळ गप्पांचा विषय राहत नाही. काय जपायचे, हेही त्यातून ठरते.

१९३० च्या दशकाची बाजू मांडणारे तर आता जवळपास कोणी उरलेले नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागलेल्या ‘आलम आरा’त सात गाणी होती; पुढच्या वर्षीच्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यातले पहिले गाणे फकिराच्या भूमिकेतील वझीर महंमद खान यांनी गायले, अशी नोंद आहे. ते त्या दिवशी मॅजेस्टिकमध्ये कसे ऐकू आले, हे आता ऐकता येत नाही.