बियांपासून अबोली

परसात अबोलीची दहा-बारा झुडपे असली, तर सणासुदीला गजऱ्यासाठी घरच्या बाईला पैसे मोडावे लागत नाहीत. वास नसला म्हणून काय झाले? गजरा दुसऱ्या दिवशीही टवटवीत दिसतो.

खरी मेख बी धरण्यात आहे. वाळलेल्या बोंडावर पाणी पडले, की ते तडकन फुटून बी लांब उडते. वळवाच्या एका सरीत सारे बी वाया जाते. म्हणून कणसे तपकिरी होताच खुडावीत, ताटात ठेवून पाण्याचा शिपका द्यावा आणि वर लगेच फडके झाकावे. हे काम पोरांवर सोपवावे, ती आनंदाने करतात. बी ताजेच पेरावे, जुने नीट उगवत नाही. दोन-तीन आठवड्यांत रोपे वर येतात. ती चार-सहा पानांवर आली, की फूट-दीड फुटावर लावावीत.

थोडी सावली चालते, पण पाणी साचलेले खपत नाही. मुळांना सूत्रकृमीच्या गाठी होतात, त्यासाठी मधून झेंडू लावावा.

‘दिल्ली’ अबोलीला मात्र बी धरत नाही, तिचे फाटेच लावावेत. रोप विकत घेताना जात विचारून घ्यावी.

फुले दिवसाआड खुडावीत. बियांसाठी दोन-चार कणसेच राखावीत.